लढाईतली जोडपी आणि नंतरचे संसार

रानवाट

२०२५च्या १ जानेवारीला गडचिरोलीत माओवादी नेता विमला सिडाम ऊर्फ तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर सरेंडर झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, त्याच गडचिरोलीत, माओवाद्यांचाच मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ जणांना घेऊन आला. दोघं नवरा-बायको. दोन्ही वेळच्या बातम्यांत बक्षिसाचा आकडा होता, हत्यारं होती, कोण कुठल्या हुद्द्यावर होतं ते होतं. लग्न अर्ध्या वाक्यात उरकलेलं. मधले साडेनऊ महिने बायको पोलिसांकडे आणि नवरा त्याच पोलिसांच्या शोधयादीत, असा तो संसार चालला होता.

हा धागा त्या अर्ध्या वाक्याबद्दल.

सशस्त्र संघटनेला प्रेमाची भीती का वाटते हे कळायला फार डोकं लागत नाही. जोडपं मिळून पळून जाऊ शकतं. एकाला पकडलं तर दुसऱ्याला फोडता येतं. मूल झालं तर त्याचं रात्रीचं रडणं सगळ्या तुकडीला महागात पडतं. माओवादी नेता चलपती याचा ताजा फोटोसुद्धा पोलिसांकडे नव्हता. २०१६मध्ये एका चकमकीनंतर सापडलेल्या फोनमध्ये त्याचा बायको अरुणाबरोबरचा सेल्फी निघाला आणि तो ओळखू येऊ लागला, असं पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं होतं. तो जानेवारी २०२५मध्ये गरियाबंदला मारला गेला, अरुणा जूनमध्ये आंध्रात.

म्हणून नियम आले. श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईत सुरुवातीला सरळ बंदी होती. संघटनेचा अध्यक्ष उमा महेश्वरन (हा पुरुष, नावावर जाऊ नका) आणि ऊर्मिला यांचे संबंध आहेत असा ठपका ठेवून त्याला बाहेर काढलं. त्याने १९८०मध्ये प्लोट नावाची वेगळी चूल मांडली, आणि मे १९८२मध्ये मद्रासच्या भर पाँडी बझारात तो आणि एलटीटीईचा म्होरक्या प्रभाकरन एकमेकांवर गोळ्या झाडत होते. वैर फक्त त्या प्रेमामुळे नव्हतं, सत्तेचं भांडणही होतंच. पण हाताशी आलं ते कारण हे. पुढे १ ऑक्टोबर १९८४ला प्रभाकरनने स्वतःच मतिवदनीशी तिरुपोरूरच्या मुरुगन मंदिरात लग्न लावलं. नियम त्यानंतर सैल झाला हे सांगायला नकोच.

कोलंबियातल्या फार्क या डाव्या बंडखोर संघटनेत बंदी नव्हती, पण दोघांनी एकत्र झोपायचं तर आधी कमांडरला विचारायचं. दोघांपैकी एकाची बदली दुसऱ्या आघाडीवर झाली की विषय संपला. टान्या नायमायर ही डच मुलगी तिथे लढायला गेली होती. २००७मध्ये लष्कराने एका छावणीवर धाड घातली तेव्हा तिची डायरी सापडली. त्यात क्रांतीपेक्षा जास्त वैताग कशाचा होता, तर कमांडरांच्या मैत्रिणींना मिळणाऱ्या खास वागणुकीचा. डायरी जगभर छापली गेली, टान्या मात्र त्यानंतरही फार्कमध्येच राहिली आणि पुढे सरकारशी हवानात झालेल्या शांततेच्या वाटाघाटींत बसली.

अमेरिकेविरुद्धच्या युद्धात व्हिएतनाममध्ये तर मोहीमच होती, 'तीन गोष्टी पुढे ढकला': प्रेमात पडला नसाल तर पडू नका, पडला असाल तर लग्न थांबवा, लग्न झालं असेल तर मूल थांबवा.

माझं म्हणणं असं, की लढाई संपल्यावर ही परवानगीची भानगड संपत नाही, परवानगी देणारे बदलतात. कमांडर जातो. त्याच्या जागी सासरचे, जातवाले, पुनर्वसनाचा अधिकारी, कधी कधी न्यायालय. आणि लढाईत जी बाई पुरुषाच्या बरोबरीने पहारा देत होती तिच्याकडूनच नव्या परवानगीची सगळी किंमत वसूल होते. पटतंय का? तुमच्याकडे उदाहरणं असतील तर द्या, उलटी असतील तर आधी द्या.

---

वाचनमात्र

उत्तम विषय. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तिरकस_तात्या

लेख चांगला लिहिलाय, पण एक विचारतो. ही 'जोडपी' माणसं मारत होती. खबऱ्या म्हणून गावातल्या कोणाकोणाला उचलून नेलं, त्यांच्याही बायका होत्या. त्यांच्या संसाराचा धागा कोण काढणार? बंदूक खांद्यावर असली की प्रेमकथा फोटोजेनिक होते, एवढंच दिसतंय मला.

---

रानवाट

तात्या, तो धागा तुम्ही काढा, मी पहिली येईन. इथे कोणाला माफी देण्याचा प्रश्न नाही. पण ही माणसं जंगलातून बाहेर येऊन त्याच तालुक्यात राहायला लागतात, ज्यांची माणसं गेली त्यांच्या शेजारी. त्यांचे संसार टिकतात की मोडतात याचा शेजाऱ्यांवरही परिणाम होतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही असा माणूस परत जंगलाची वाट धरू शकतो, हे सरकारलाही कळतं. म्हणून तर महाराष्ट्रात नवरा-बायको एकत्र सरेंडर झाले तर दीड लाख रुपये जास्तीचे मिळतात. संघटनेला ज्या प्रेमाची भीती, शासनाला त्याचंच आमिष.

---

गुळवेल

पेशाने डॉक्टर आहे, तर एका मुद्द्यावर लिहितो. वर उल्लेख आला नाही, पण भारतातल्या माओवाद्यांमध्ये लग्नाची परवानगी बऱ्याचदा नसबंदीच्या अटीवर मिळते, आणि ती पुरुषाची. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने पाहिलं तर यात विचित्र काही नाही. पुरुष नसबंदी स्थानिक भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस थोड्या दिवसांत चालायला लागतो. बाईच्या शस्त्रक्रियेला भूल, निर्जंतुक खोली, विश्रांती हे सगळं जंगलात जमवणं अवघड. फार्कने उलटं केलं: बायकांना गर्भनिरोधक इंजेक्शनं, आणि तरीही दिवस गेले तर गर्भपात. दोन्हीकडे गरज एकच होती, मूल नको. पण किंमत कोणाच्या शरीराने दिली हे वेगळं, आणि लढाईनंतरचं चित्रही त्यामुळे वेगळं दिसतं.

सरेंडरनंतर नस परत जोडतात, आम्ही त्याला रिकॅनलायझेशन म्हणतो. पोलीस आणि आरोग्य खातं मिळून ती करून देतात, बातम्या येतात, 'घरात पाळणा हलला' वगैरे. हे खरंही असतं. पण नसबंदी आणि जोडणी यांत किती वर्षं गेली यावर सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत १९९१मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आजही आधाराला घेतात. तीन वर्षांच्या आत जोडणी झाली तर ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. पंधरा वर्षं उलटून गेल्यावर हे प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. तेही उत्तम सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या निष्णात हातांनी. आता पंचविशीत नसबंदी झालेला माणूस पंचेचाळिशीत बाहेर आला, बायको चाळिशीची, तर हिशेब तुम्हीच करा. बातमीत ज्यांचा पाळणा हलतो ती बहुतेक तरुण जोडपी.

आणि मूल झालं नाही की गाव कोणाकडे बोट दाखवतं? शस्त्रक्रिया त्याची झालेली असते.

---

खडूस

शेवटच्या ओळीसाठी +१.

अवांतर: पंधरा मिनिटांचं काम असूनही जंगलाबाहेरचे पुरुष ते का करून घेत नाहीत, यावर डॉक्टरांनी वेगळा धागा काढावा. शतक नक्की.

---

सह्यकडा

नेपाळबद्दल थोडं. हा माझा जुना आवडीचा विषय, म्हणून जरा लांबेल.

तिथलं 'जनयुद्ध' फेब्रुवारी १९९६ ते नोव्हेंबर २००६. माओवाद्यांनी तिथे 'जनवादी विवाह' रूढ केला होता. भटजी नाही, हुंडा नाही, मुहूर्त नाही. पक्षाकडे अर्ज, पक्षाची मंजुरी, सहकाऱ्यांसमोर हार घालायचे, दोन भाषणं, झालं लग्न. जात बघायची नाही. बाहुन-छेत्री या वरच्या जातींतला मुलगा आणि दलित मुलगी, मगर जमातीची मुलगी आणि थारू जमातीचा मुलगा अशी लग्नं शेकड्याने लागली. एरवी ज्या समाजात असं जोडपं गावात पाय ठेवू शकत नव्हतं तिथे हे घडलं, हे पक्षाशी कितीही मतभेद असले तरी मान्य करायला हवं. दुसरी बाजूही आहे. नवरा मारला गेला की विधवेने लवकर दुसरं लग्न करावं असा पक्षाचा आग्रह असे. पांढऱ्या कपाळाने जन्म काढण्यापेक्षा बरं, असं म्हणता येईल. पण शोक करायला किती दिवस द्यायचे हेही पक्षानेच ठरवायचं?

शांतता झाल्यावर हे सगळे सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत आले. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ जण लढवय्ये म्हणून पात्र ठरले, त्यांत ३,८४६ स्त्रिया. आणि ४,००८ जण 'अयोग्य' ठरले, बहुतेक भरतीच्या वेळी अठराच्या आतले होते म्हणून. कागदावर 'अयोग्य' हाच शब्द छापला होता. तो शिक्का घेऊन गावी जायचं आणि स्थळं बघायची!

छावण्यांत लोक पाच-पाच वर्षं अडकले. लढाई नाही, काम नाही, वय विशी-पंचविशीचं. लग्नं झाली, मुलं झाली. मग २०११-१२मध्ये निवड करायची वेळ आली: नेपाळी सैन्यात जा, नाहीतर पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी जा. सैन्यात शेवटी सुमारे १,४०० जणच गेले. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईने सैन्याची प्रशिक्षण छावणी कशी निवडायची? नवरा-बायको दोघं लढवय्ये, दोघांपैकी एकानेच जायचं तर कोण जाणार, यावर घरात मतदान घ्यायची गरज नसते.

आता रानवाट यांचा मुद्दा. पैसे घेऊन जोडपं गावी गेलं की प्रश्न येई, कोणाच्या गावी? आंतरजातीय असेल तर दोन्हीकडे दार बंद. कित्येकांनी दोघांच्याही गावापासून लांब, तराईच्या सखल पट्ट्यातल्या एखाद्या रस्त्याकाठच्या वस्तीत, इतर जुन्या लढवय्यांच्या शेजारी घर बांधलं. सासू नाही तसं सांभाळणारंही कोणी नाही. आणि ज्या जोडप्याला सासरच्यांनी घेतलं, तिथे पहिली अट बहुधा ही, की सुनेने जुन्या गोष्टी बोलायच्या नाहीत. मुलगा मात्र चौकात बसून लढाया सांगू शकतो.

---

निंबोणी

मला थोडं उलट बोलायचंय. धाग्यात 'बंदी म्हणजे जुलूम' असं गृहीत धरलंय. कुर्दांच्या पीकेकेमध्ये तर आजवर प्रेम, लग्न, संबंध सगळ्यावरच बंदी होती, परवानगीचा प्रश्नच नाही. पण तिथे हजारो मुली गेल्या, त्यांच्या स्वतंत्र तुकड्या, स्वतंत्र कमांडर. कर्मठ घरातल्या बापाने मुलीला डोंगरात जाऊ दिलं, निदान गेलेली मान्य केली, याचं एक मोठं कारण ही बंदीच होती. मुलगी 'बिघडणार' नाही याची खात्री. आणि मुलींच्या बाजूने बघाल तर, ज्या समाजात पंधरा-सोळाव्या वर्षी चुलतभावाशी लग्न लावून देतात तिथे 'मी कोणाचीच बायको होणार नाही' असं म्हणायची ही एकमेव जागा होती.

एलटीटीईतही हेच. तरुण मुली घर सोडून जाताना आई-वडिलांना संघटनेच्या कडक शिस्तीचाच आधार वाटायचा. मुलींनी केस कापले, पँट-शर्ट घातला, त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहायची कोणाची टाप नव्हती. युद्ध मे २००९मध्ये संपलं तेव्हा तेच कापलेले केस शत्रू झाले. ओळखू येऊ नये म्हणून केस वाढेपर्यंत डोकं झाकून फिरायचं. जवळपास बारा हजार जण पुनर्वसन केंद्रांत गेले, त्यांत दोन हजारांवर स्त्रिया. बाहेर आल्यावर त्यांच्याबद्दल कुजबुज एकच: ही सैन्याच्या ताब्यात राहून आलीय. काय झालं, झालं की नाही, कोणी विचारत नव्हतं. स्थळ मोडायला एवढं पुरे.

तेव्हा या बायकांना बंदीचे दिवस बरे वाटले तर मी त्यांना भाबड्या म्हणणार नाही.

---

रानवाट

निंबोणी, हा मुद्दा मी पुरेसा मांडला नव्हता, धन्यवाद. एवढंच म्हणेन की बंदीने मिळालेली सुरक्षितता संघटनेच्या हातात राहते. संघटना संपली की एका दिवसात जाते. पीकेकेने मे २०२५मध्ये विसर्जनाची घोषणा केली आणि ११ जुलैला सुलेमानियाजवळ तीस जणांनी आपल्या बंदुका जाळल्या, त्यांत निम्म्या स्त्रिया. यांतल्या कित्येकींचं सगळं तारुण्य डोंगरात गेलेलं. आता ज्या घरातून निघून आल्या तिथे परत जायचं, तर अविवाहित चाळिशीची बाई म्हणून. त्या घराने दरम्यान काहीच बदललं नसेल तर?

---

निंबोणी

म्हणजे दोष घराचा, बंदीचा नाही. मी तेच म्हणतेय.

---

खडूस

श्रीलंकेचा विषय निघालाच आहे तर आठवण करून देतो. जून २०१०, वावुनियाचं पुनर्वसन केंद्र, एलटीटीईच्या माजी सैनिकांच्या ५३ जोडप्यांचं सामूहिक लग्न. आणि पाहुणे कोण, तर विवेक ओबेरॉय! तो तेव्हा कोलंबोच्या आयफा या सिनेपुरस्कार सोहळ्यासाठी गेला होता. वर्षभरापूर्वी ज्या सैन्याविरुद्ध लढले त्याच सैन्याच्या कॅमेऱ्यांसमोर मंगळसूत्र बांधायचं, शेजारी हिंदी सिनेमातला हिरो. असं कोणी सिनेमात दाखवलं असतं तर आपण 'काहीही!' म्हणालो असतो.

---

तिरकस_तात्या

आपल्याकडेही होतातच की. जून २०२५मध्ये गडचिरोलीत सरेंडर झालेल्या १३ जोडप्यांचं लग्न मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत लागलं. मला हे सामूहिक विवाह प्रकरण फार खटकतं. सरकारने नोकरी द्यावी, घर द्यावं, खटल्यांचं काय ते सांगावं. अक्षता टाकायला सरकार कशाला? आधी दलमचा, म्हणजे माओवादी तुकडीचा, कमांडर लग्न लावायचा, आता पोलीस अधीक्षक. हा मुद्दा मात्र रानवाट ताईंचा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो.

---

सह्यकडा

तात्या, नाइलाजाने का होईना! पण सामूहिक लग्नाचा एक व्यावहारिक फायदा असतो हे विसरू नका. जंगलातल्या लग्नाला कागद नसतो. रेशन कार्ड, घरकुल, बँकेचं खातं, मुलाचा जन्मदाखला, सगळीकडे कागद लागतो. फोटो सरकारला हवा असतो, प्रमाणपत्र जोडप्याला. दोघांचा सौदा आहे तो, आणि जोडप्याला त्यात अगदीच तोटा नाही.

---

अडाणी_वकील

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले आणि एक गोष्ट बोचली. आपण 'जोडपं' हा शब्द फार सढळ हाताने वापरतोय. यात तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जाताहेत.

दोन प्रौढांनी आपणहून केलेलं प्रेम, ज्याला कमांडरची मंजुरी लागली. त्याला प्रेमच म्हणू.

मग हुद्द्याच्या सावलीतले संबंध. तुकडीप्रमुख आणि नवी आलेली सतरा वर्षांची मुलगी. ती 'हो' म्हणाली. 'नाही' म्हणाली असती तर पुढच्या मोहिमेत कुठल्या जागी उभी राहिली असती? तिने डायरी लिहिली तर त्याला प्रेम म्हणेलही.

आणि सरळ सक्ती. युगांडाच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीत पळवून आणलेल्या मुली कमांडरांना 'बायको' म्हणून वाटून दिल्या जात. त्यातला डॉमिनिक ऑंगवेन स्वतः लहानपणी पळवून नेलेला. त्याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२१ला दोषी धरलं, सक्तीचा विवाह आणि सक्तीचं गर्भारपण यांसाठीही. शिक्षा २५ वर्षं. त्याआधी सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाने २००८मध्ये सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा मानला होता. तो फक्त बलात्काराचा प्रकार नाही. कारण 'अमक्याची बायको' हा शिक्का युद्ध संपल्यावरही त्या बाईच्या कपाळावर राहतो, माहेर परत घेत नाही.

कोलंबियातला निकाल मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. एक बाई, न्यायालयाने तिला 'हेलेना' नाव दिलंय. चौदाव्या वर्षी फार्कमध्ये ओढली गेली, सक्तीची गर्भनिरोधकं, सक्तीचा गर्भपात. बाहेर आल्यावर युद्धपीडित म्हणून नोंदणी मागितली तर सरकारी कार्यालयाने नाकारली. कारण काय, तर ती स्वतःच सशस्त्र गटात होती. २०१९मध्ये घटनात्मक न्यायालयाने (निकाल क्र. एसयू-५९९) कार्यालयाला चूक ठरवलं. स्वतःच्याच बाजूच्या लोकांनी अत्याचार केलेली सैनिकही पीडित असू शकते, हे तोवर कायद्याला दिसतच नव्हतं.

तेव्हा 'लढाईतलं प्रेम' म्हणताना आधी वय विचारा आणि हुद्दा विचारा.

---

निंबोणी

पूर्ण सहमत. पण एक भीती. वय आणि हुद्दा विचारत बसलो की बाहेरचे लोक सगळ्याच नात्यांना सक्तीचं ठरवून मोकळे होतात. मग ज्या बाईने खरंच आपणहून माणूस निवडला, तिला 'तुला कळत नव्हतं गं' असं सांगणारे आपण. हेही परवानगी नाकारणंच झालं.

---

अडाणी_वकील

मान्य. म्हणून तिघींना वेगवेगळं ऐकायचं. न्यायालयं तेच करतात, निदान करायला हवं.

---

गुळवेल

व्हिएतनामबद्दल वरती एक ओळ येऊन गेली, पण पुढची गोष्ट सांगायला हवी. जंगलातून दक्षिणेकडे रसद नेणाऱ्या हो ची मिन्ह मार्गावर रस्ते दुरुस्त करणाऱ्या, बॉम्बचे खड्डे बुजवणाऱ्या युवा स्वयंसेविका. प्रेम पुढे ढकला म्हटलं, त्यांनी ढकललं. १९७५ला युद्ध संपलं तेव्हा त्यांच्या वयाचे पुरुष मोठ्या संख्येने मेलेले. जे परत आले त्यांना घरच्यांनी विशीतल्या मुली बघितल्या होत्या. या बायका तिशीच्या, कित्येकींना मलेरियाने पोखरलेलं. तिथल्या हिशेबाने त्या 'उरलेल्या'.

मग त्यांच्यापैकी काहींनी काय केलं? मूल मागितलं. म्हणजे लग्नाची, नात्याची अपेक्षा न ठेवता, एखाद्या पुरुषाकडून फक्त मूल. गावाने आधी नाकं मुरडली, मग अर्ध्या मनाने स्वीकारलं. देशासाठी तारुण्य दिलेल्या बाईला आता काय बोलणार? १९८६च्या विवाह आणि कुटुंब कायद्याने लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना बरोबरीचे हक्क दिले. रानवाट, तुमच्या सिद्धान्ताला हे उदाहरण थोडं आडवं जातं असं मला वाटतं. इथे परवानगी कोणी दिली नाही. बायकांनी आधी केलं, कायदा मागून आला.

---

रानवाट

हो, आडवं जातं, आणि म्हणूनच हवं होतं. शंभर टक्के मान्य.

पण एक जोडते. एरिट्रियात १९९१ला इथिओपियाविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकलं तेव्हा लढवय्यांत जवळपास तिसरा हिस्सा स्त्रिया होत्या. लढणाऱ्या आघाडीने स्वतःचा विवाह कायदा केला होता. मुस्लिम-ख्रिश्चन, डोंगराळ-मैदानी अशी मिश्र लग्नं त्यात झाली. शहरात परतल्यावर घटस्फोटांची रांग लागली. नवऱ्याच्या घरच्यांना लढलेली, उंच आवाजात बोलणारी, स्वयंपाक न येणारी, दुसऱ्या धर्माची सून नको होती. नवऱ्याला घर हवं होतं. अनेकांनी मग नागरी, तरुण, 'व्यवस्थित' मुलींशी दुसरी लग्नं केली. म्हणजे व्हिएतनाममध्ये पुरुष उरले नव्हते, एरिट्रियात उरले होते, आणि दोन्हीकडे लढलेल्या बाईचा शेवट साधारण सारखाच.

---

खडूस

पुरुषांच्या बाजूने कोणीच बोलेना, तर मीच. दोन माजी लढवय्यांचं लग्न टिकतं तेव्हा त्याचं एक कारण असं असावं, की एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही. रात्री दचकून उठलं तर 'काय झालं' असं विचारणारं कोणी नसतं. बाहेरची बायको केली की तिला सगळं सांगावं तरी लागतं, नाहीतर आयुष्यभर लपवावं तरी. एरिट्रियातले पुरुष सुखी झाले असतील असं मला काही वाटत नाही.

---

निंबोणी

किंवा दोघंही दचकून उठतात आणि दोघंही बोलत नाहीत. त्यालाही टिकलेलं लग्नच म्हणतात.

---

सह्यकडा

कोलंबिया सरकार आणि फार्क यांच्या शांतता करारातली एक बाब इथे नोंदवतो, कारण ती पैशाची आहे आणि पैशाबद्दल कोणी बोललं नाही. २०१६च्या करारानंतर फार्कच्या लोकांना दोन वर्षं दरमहा किमान वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळाला, शिवाय एकरकमी २० लाख पेसो आणि उद्योगासाठी ८० लाख पेसो. हे सगळं व्यक्तीला, कुटुंबाला नाही. म्हणजे बाईच्या नावावर तिचा स्वतःचा भत्ता. तिकडच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०१७मध्ये केलेल्या मोजणीत १०,०१५ जण नोंदले गेले, त्यांत २३ टक्के स्त्रिया. छावण्यांत लगेच मुलांची लाट आली, पत्रकार तर पाळण्यांचे फोटो काढायलाच जात होते. बंदुकीच्या काळात स्वयंपाकाची पाळी पुरुष-बाई दोघांना लागायची. मूल झाल्यावर ती पाळी बाईकडे कायमची आली, आणि सहकारी संस्थेच्या बैठकीला नवरा एकटा जाऊ लागला. भत्ता मात्र तिच्या खात्यात येत राहिला. नवरा सोडायचा असेल तर बसभाडं तरी तिच्याकडे होतं.

सरेंडर करणाऱ्या जोडप्याला दीड लाख जास्तीचे देताना ते दोन खात्यांत अर्धे-अर्धे जावेत, एवढी एक ओळ धोरणात असली तरी मला पुरे.

---

तिरकस_तात्या

ही सूचना पटली. यात रोमँटिक काही नाही म्हणून पटली असावी.

---

वाचनमात्र

एक प्रश्न. सक्तीच्या 'लग्नां'तून झालेल्या मुलांचं काय झालं? आणि फार्कने गर्भार बायकांची जी मुलं जन्मल्यावर शेतकऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे ठेवायला लावली, ती परत मिळाली का?

---

अडाणी_वकील

कोलंबियात काही आयांना मुलं सापडली, भेटी झाल्या. पण दहा-बारा वर्षं दुसऱ्या घरात वाढलेलं मूल कोणाचं, हे भेट झाली म्हणून ठरत नाही.

युगांडाच्या खटल्यात न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२४ला भरपाईचा आदेश दिला. एकूण सुमारे ५ कोटी २४ लाख युरो, पीडित अंदाजे ५०,०००, प्रत्येकी ७५० युरो प्रतीकात्मक, बाकी रक्कम सामूहिक पुनर्वसनासाठी. त्या संबंधांतून जन्मलेल्या मुलांनाही न्यायालयाने पीडितांत धरलं. ऑंगवेनकडे पैसे नाहीत, म्हणून न्यायालयाच्या पीडित निधीला देणग्या गोळा कराव्या लागणार. मुलांचा विषय इथे शंभर प्रतिसादांत संपणार नाही. त्यावर वेगळा धागा काढतो, रविवारपर्यंत टाकेन.